व्हायरस गेला होता, तरी दादा परत आजारी पडला

गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका बाईंचा फोन आला. त्यांची तीन वर्षांची मुलगी मेंदूज्वरातून बरी होऊन घरी आली होती आणि दोन आठवड्यांनी तिचे हातपाय आपोआप वेडेवाकडे हलायला लागले, जीभ सारखी बाहेर, रात्रभर रडणं. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की तुमच्यासारखंच एका घरात झालंय, त्यांना विचारा. मी फोनवर जेवढं सुचलं तेवढं घाईघाईत बोलले आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की अर्ध राहूनच गेलं, म्हणून आता सगळं एका जागी लिहून काढतेय. दादाच्या आजाराला सव्वा वर्ष झालंय. तेव्हा मी एक वही ठेवली होती, तारीख वेळ टाकून सगळं लिहायचे, त्यामुळे दिवस बरोबर सांगता येतील.

पहिल्या आजारापासून सुरुवात करते. तीन दिवस ताप, १०२ च्या आसपास, आणि डोकं प्रचंड दुखत होतं. आम्ही आपलं साधं व्हायरल समजून पॅरासिटामॉल देत होतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा वहिनीला म्हणाला, काहीतरी जळतंय बघ, रबर जळल्यासारखा वास येतोय. वहिनी सगळीकडे बघून आली, काहीच जळत नव्हतं. मग थोड्या वेळाने म्हणाला, "जरा किल्ली दे गं मानेखाली." उशीला किल्ली. वहिनीला वाटलं तापात बरळतोय, पण तो बरळत नव्हता, त्याला काय हवंय ते त्याला नीट माहीत होतं, फक्त शब्द भलताच येत होता. ते बघून माझ्या पोटात गोळा आला होता हे आजही आठवतं. पहाटे त्याला फिट आली आणि आम्ही तसंच उचलून इमर्जन्सीला नेलं.

सीटी स्कॅन नॉर्मल आला. एमआरआयमध्ये डाव्या टेम्पोरल लोबला सूज दिसली, म्हणजे कानाच्या आतल्या बाजूला मेंदूचा जो भाग असतो तिथे. भाषा, आठवणी, वासाचे भास हे सगळं त्याच भागाशी जोडलेलं असतं म्हणे, तेव्हा कुठे जळका वास आणि किल्ली या दोन्ही गोष्टींचा अर्थ लागला. पाठीतलं पाणी काढलं, त्यात व्हायरसचा अंश शोधणारी पीसीआर तपासणी केली, हर्पीस सिम्प्लेक्स टाईप १ पॉझिटिव्ह. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पाण्याचे फोड येतात बघा, तोच व्हायरस. तो जगात निम्म्याहून जास्त लोकांच्या अंगात गपचूप पडून असतो आणि मेंदूत मात्र फार क्वचित जातो, वर्षाला दहा लाखांत दोन ते चार जणांना.

न्यूरोलॉजिस्ट मॅडमनी रिपोर्टची वाट न बघता असायक्लोव्हिर हे व्हायरसवरचं औषध सुरू केलं होतं, त्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. हे औषध नव्हतं तेव्हा या आजारात शंभरातले सत्तर जण जायचे. ज्या गर्ट्रूड एलियन बाईंच्या कामातून ते आलं त्यांना १९८८ साली नोबेल मिळालं, हे मी नंतर वाचलं आणि वाचताना खरंच डोळे भरून आले. डोस असा की किलोमागे १० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी शिरेतून, दादाचं वजन ७० म्हणजे ७०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, आणि हे २१ दिवस. प्रत्येक डोस तासभर हळूहळू द्यायचा कारण घाईत दिलं तर किडनीत त्याचे खडे साचतात. सहाव्या दिवशी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीवर ताण आला की रक्तात वाढतं ते, वाढलं तेव्हा सलाईन वाढवलं आणि दोन दिवसांत खाली आलं. हाताच्या शिरा तर अशा सुजल्या होत्या की सुई कुठे लावायची हाच रोजचा प्रश्न. शेवटी पुन्हा पाठीतलं पाणी तपासलं, व्हायरस निगेटिव्ह. पंचविसाव्या दिवशी घरी.

घरी आला तेव्हा तो अर्धाच आला होता असं म्हणते मी. सकाळी काय बोललो ते दुपारी विसरायचा, ओळखीच्या माणसांची नावं अडकायची. पण माणूस तोच होता. चिडायचा तसाच, हसायचा तसाच, आणि रोज थोडं थोडं सुधारत होतं. तिसाव्या दिवशी वहीत मी लिहिलंय, "आज स्वतः फोन लावला, नंबर बघून, चुकला नाही."

आणि सदतिसाव्या दिवशी लिहिलंय, "रात्रभर जागा. म्हणतो फोनमधून कोणीतरी ऐकतंय."

पहिले दोन दिवस आम्ही कारणं शोधत बसलो. एवढ्या मोठ्या आजारातून उठलाय, झोप लागत नसेल, फिटच्या गोळीने चिडचिड होते असं वाचलं होतं, कदाचित त्याचंच असेल. तिसऱ्या दिवशी तो वहिनीला घाबरायला लागला. ही माझी बायको नाही, तिच्यासारखी दिसणारी कोणीतरी आहे, असं मला कानात सांगितलं त्याने, आणि इतक्या शांतपणे सांगितलं की मला रडूच फुटलं. मॅडम नेमक्या बाहेरगावी होत्या म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पाच मिनिटांत ठरवलं की हा आजारपणाचा मानसिक धक्का आहे, ताप नाही, मान आखडलेली नाही, म्हणजे मेंदूचं काही नाही, आणि झोपेची आणि भास कमी करायची अशा दोन गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी दादा लाकडासारखा ताठ झाला. हात वर करून ठेवला तर तसाच वर राहायचा. नंतर कळलं की या दुसऱ्या आजारात तसल्या गोळ्या अंगावर येऊ शकतात. ते चार दिवस गेले ते गेलेच, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही, कारण आम्ही पुन्हा पुन्हा सांगत होतो की याच्या मेंदूला महिन्यापूर्वीच हर्पीस झालाय.

एकेचाळिसाव्या दिवशी मॅडम परत आल्या. मी वही घेऊनच गेले. त्यांनी दादाकडे बघायच्या आधी वही वाचली, मग त्याच्या तोंडाकडे नुसत्या दोन मिनिटं बघत राहिल्या. ओठ आणि जबडा आपोआप हलत होते, काहीतरी चघळल्यासारखे, आणि आमच्या घरातल्या कोणाच्याच ते डोक्यात आलं नव्हतं, आम्हाला वाटलं तोंड कोरडं पडलंय. मॅडम म्हणाल्या, "याला लगेच ॲडमिट करा. दोन शक्यता आहेत. एक तर व्हायरस परत आलाय, नाहीतर व्हायरसने जाताना याच्या प्रतिकारशक्तीला चुकीचं काहीतरी शिकवून ठेवलंय. दोन्हींवरचे उपाय एकमेकांच्या उलटे आहेत, म्हणून आधी पाठीतलं पाणी."

हे "उलटे" मला त्या दिवशी नीट कळलं नाही पण पुढे सगळं त्यावरच अडून होतं. व्हायरस असेल तर तो मारायचा आणि प्रतिकारशक्तीला हात लावायचा नाही. दुसरं असेल तर प्रतिकारशक्तीच दाबायची. म्हणून पीसीआर येईपर्यंत असायक्लोव्हिर पुन्हा चालू ठेवलं आणि पाण्याचे दोन भाग केले, एक व्हायरससाठी आणि एक अँटिबॉडीसाठी, म्हणजे शत्रूला पकडायला प्रतिकारशक्ती जे पदार्थ बनवते ते, सोबत रक्तही. यात पाठीतलं पाणी महत्त्वाचं, नुसत्या रक्तावर कधी कधी चुकतं, हे त्यांनी ठासून सांगितलं. तिसऱ्यांदा सुई म्हटल्यावर आम्ही घरचे कचरलो होतो हे कबूल करते, पण त्याशिवाय पुढे जाताच आलं नसतं.

पीसीआर निगेटिव्ह आली. एमआरआयमध्ये जुनी जखम तशीच, नवीन सूज नाही. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, त्यात मंद लाटा. अँटिबॉडीचा रिपोर्ट यायला सहा दिवस लागले पण मॅडम तेवढ्या थांबल्या नाहीत, व्हायरस नाही म्हटल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारं स्टिरॉइड सुरू केलं. रिपोर्ट आला तेव्हा पाण्यात आणि रक्तात दोन्हीकडे एनएमडीए रिसेप्टरच्या विरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या.

आता हे नेमकं काय ते मॅडमनी एका कागदावर काढून दाखवलं होतं, तो कागद मी अजून जपून ठेवलाय. मेंदूच्या पेशी एकमेकींशी बोलतात त्यासाठी त्यांच्या अंगावर छोटे छोटे दरवाजे असतात, त्यातला एक प्रकार म्हणजे हा एनएमडीए रिसेप्टर. आठवण बनवणं, विचार सुसंगत राहणं, हालचाली ताब्यात राहणं, या सगळ्याला तो लागतो. एरवी हे दरवाजे मेंदूच्या आत असतात आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना त्यांची फारशी ओळख नसते. हर्पीसने पेशी फोडल्या की त्यांचे तुकडे बाहेर सांडतात, तिथे आधीच सूज असते, धावपळ असते, मानेतल्या गाठींपर्यंत ते तुकडे पोचतात, आणि तिथल्या बी पेशींना, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या घराण्याला, वाटतं हाही शत्रूचाच माल. त्या याच्यावर अँटिबॉडी बनवायला लागतात. याला वेळ लागतो, तीनचार आठवडे, म्हणूनच माणूस घरी येतो, सुधारतो आणि मग कोसळतो. दुसरं एक स्पष्टीकरण असंही दिलं जातं की व्हायरसचा एखादा भाग आणि आपल्या पेशीचा भाग सारखे दिसत असतील आणि त्यात गफलत होत असेल, पण मॅडमना पहिलं जास्त पटतं.

आणि यातली जी गोष्ट मी त्या काळात दिवसातून दहादा स्वतःला सांगायचे ती ही, की या अँटिबॉडी पेशीला मारत नाहीत. त्या दोन दोन दरवाजांना एकत्र बांधतात आणि पेशी ते दरवाजे आत ओढून घेते, बस. पेशी जिवंत असते. अँटिबॉडी कमी झाल्या की दरवाजे पुन्हा बाहेर येतात. व्हायरसने जे जाळलं ते जळालं, पण याचं जे नुकसान आहे ते भरून येऊ शकतं. वहिनीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माझ्यावरचा त्याचा विश्वास परत येईल?" मी हो म्हटलं. मला खात्री नव्हती तरी म्हटलं.

मी तेव्हा रात्री जागून वाचायचे. हा आजार व्हायरसशिवायही होतो, जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये त्याची अँटिबॉडी ओळखली, आणि सुरुवातीच्या पेशंट तरुण बायका होत्या ज्यांच्या अंडाशयात गाठ होती. म्हणून दादाचेही गाठीसाठी स्कॅन झाले, काही निघालं नाही, हर्पीसनंतर झालेल्या केसमध्ये सहसा निघत नाही. मग २०१२ मध्ये हाराल्ड प्र्यूस यांच्या गटाने हर्पीसच्या ४४ पेशंटांचे जुने नमुने तपासले आणि १३ जणांमध्ये याच अँटिबॉडी निघाल्या. त्याआधी कित्येक वर्षं, विशेषतः लहान मुलं हर्पीसनंतर अशी हातपाय वळवायला लागली की त्याला व्हायरस उलटला असंच म्हणायचे, पाण्यात व्हायरस न सापडता सुद्धा. आणि २०१८ मध्ये स्पेनमधल्या डॉक्टरांनी ५१ हर्पीस पेशंटांना पहिल्यापासून सलग बघितलं, त्यातल्या १४ जणांना पुढे हा दुसरा आजार झाला, म्हणजे चारातल्या एकाहून थोडे जास्त. त्या १४ पैकी ९ जणांना एनएमडीए रिसेप्टरच्या अँटिबॉडी होत्या, बाकीच्यांना वेगळ्या. अँटिबॉडी सापडल्या पण आजार झालाच नाही असेही लोक त्यात होते, त्यामुळे नुसता रिपोर्ट बघून घाबरायचं नाही, माणसाकडे बघायचं. पण दर चारात एक हे वाचल्यावर मला धक्का बसला, कारण डिस्चार्जच्या वेळी आम्हाला फिट आली तर काय करायचं हे सांगितलं होतं, ताप आला तर काय हे सांगितलं होतं, याबद्दल एक शब्द नव्हता. मी मॅडमना हे तोंडावर विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगायला हवं होतं. आता मी प्रत्येकाला सांगते." त्यांनी सबब सांगितली नाही याचं मला फार वाटलं.

उपचाराचं सांगते. मिथाइलप्रेडनिसोलोन रोज १ ग्रॅम, पाच दिवस शिरेतून. शुगर २८० वर गेली, इन्शुलिन लागलं, झोप तर आधीच नव्हती ती अजून उडाली. मग आयव्हीआयजी, म्हणजे हजारो दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी, किलोमागे ०.४ ग्रॅम रोज, पाच दिवस. पहिल्या बाटलीला थंडी वाजून डोकं दुखलं, वेग कमी केल्यावर थांबलं. सगळ्यात वाईट दिवस याच काळात आले. दादा बोलायचाच बंद झाला, डोळे उघडे पण कोणाकडे बघायचा नाही, बीपी आणि नाडी आपोआप वरखाली, दोन रात्री आयसीयूत. मला सारखं वाटायचं की आपण स्टिरॉइड देऊन व्हायरसलाच वाट करून दिली. वहीत त्या दिवसांची पानं जवळजवळ कोरी आहेत, नुसती नाडी आणि बीपीचे आकडे.

आयव्हीआयजी संपल्यावर आठवड्याने त्याने पाणी मागितलं. शब्द बरोबर होता.

पण सुधारणा तिथेच अडकली, भास आणि संशय होताच, तेव्हा मॅडमनी रिटुक्सिमॅब ठरवलं. हे औषध अँटिबॉडी बनवण्याच्या वाटेवरच्या बी पेशीच काढून टाकतं. त्याआधी हिपॅटायटिस बी ची तपासणी करावीच लागते, कारण लपलेली कावीळ उसळू शकते. १ ग्रॅमचे दोन डोस, मध्ये दोन आठवडे. डोसच्या आधी पॅरासिटामॉल आणि ॲलर्जीचं इंजेक्शन, मग चारपाच तास थेंब थेंब. घशात खाज आली एकदा, थांबवून परत हळू सुरू केलं. बाकी काही नाही. याचा परिणाम लगेच दिसत नाही हे मॅडमनी आधीच बजावलं होतं, कारण आधी तयार झालेल्या अँटिबॉडी काही आठवडे फिरतच असतात, तरी रोज सकाळी आम्ही त्याच्या चेहऱ्याकडे बघायचोच.

साधारण तिसऱ्या महिन्यात कधीतरी तोंडाची हालचाल थांबली, कोणत्या दिवशी ते मलाही सांगता येणार नाही, एक दिवस लक्षात आलं की आता नाहीये. झोप आली. मग एकदा वहिनी खोलीत आली तर हा तिला म्हणाला, "तू इतकी वाळलीस कशी?" ती बाहेर येऊन भिंतीला टेकून किती वेळ उभी होती.

आज काय आहे ते खरं सांगते. संशय, भास, ताठरपणा, यातलं काहीही उरलेलं नाही. नावं अजून अडकतात, नवीन माहिती लिहून ठेवावी लागते, स्पीच थेरपी चालू आहे, फिटची गोळी चालू आहे, ऑफिस अर्धा वेळ. हे जे उरलंय ते पहिल्या आजाराचं, जिथे व्हायरसने जाळलं तिथलं. जे परत आलं ते दुसऱ्या आजाराचं. आणि मधले दोन महिने दादाच्या आठवणीत नाहीतच, तो मला विचारतो तेव्हा मी वही काढून वाचून दाखवते, वहिनीबद्दलचं सोडून. ते त्याने स्वतःच एकदा वाचलं, काही बोलला नाही, त्या दिवसापासून विचारणं कमी केलंय.

फोनवरच्या बाईंना मी जे सांगितलं ते एवढंच, की मुलीला जिथे पहिल्यांदा उपचार झाले तिथेच न्या, पहिल्या तापाची तारीख आणि हातपाय हलायला लागल्याची तारीख दोन्ही लिहून न्या, हालचालींचा व्हिडिओ काढा, आणि पाठीतल्या पाण्यात व्हायरस आणि अँटिबॉडी दोन्ही बघणार का हे स्पष्ट विचारा. मेंदूज्वर हर्पीसचाच होता का हेही विचारलं मी, कारण जॅपनीज एन्सेफलायटिस या डासांमुळे होणाऱ्या मेंदूज्वरानंतरही असे पेशंट नोंदले गेलेत. इतक्या लहान मुलांमध्ये हा आजार जास्त कठीण जातो हे मला माहीत होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. आज त्यांचा मेसेज आलाय, ॲडमिट केलंय, पाणी तपासायला गेलंय.

दादाच्या बी पेशी मागच्या महिन्यात मोजल्या, हळूहळू परत यायला लागल्यात. रिटुक्सिमॅब पुन्हा द्यायची गरज नाही असं मॅडमचं मत आहे, हर्पीसनंतरचा हा आजार सहसा एकदाच येतो म्हणाल्या. पुढची तपासणी तीन महिन्यांनी. वहीत तारीख लिहून ठेवलीये.